डाऊन पेमेंटसाठी पीएफ काढताना

बँक किती कर्ज देईल याची चौकशी घर घेणारे सगळेच करतात. गाडी अडते ती उरलेल्या रकमेवर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के एवढंच कर्ज मिळतं. बाकीचे पैसे स्वतःच्या खिशातून घालावे लागतात. खासगी नोकरीत आठ-दहा वर्षं काढलेल्या माणसाची सगळ्यात मोठी शिल्लक बहुतेक वेळा पीएफमध्येच असते, त्यामुळे नजर तिकडे जाते. घरासाठी पीएफमधून पैसे काढायला परवानगीही आहे.

पगारपत्रक आणि पीएफ हे माझं रोजचं काम. घराचं बोलणं सुरू झालं की लोक माझ्या टेबलापाशी येऊन विचारतात, "मॅडम, माझा पीएफ किती निघेल?" मी त्यांना उलट विचारते, किती लागणार आहे? माझं मत स्पष्ट आहे. बँक ज्या रकमेवर कर्ज देतच नाही, त्या रकमेतली तूट भरण्यापुरताच पीएफ काढावा, आणि काढलेले पैसे पगारातून परत भरायला लगेच सुरुवात करावी.

पहिली पायरी: खरी गरज मांडा

डाऊन पेमेंट म्हणजे फक्त वीस टक्के, असं धरून चालू नका. उदाहरण पुण्यातल्या ६० लाखांच्या, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या रिसेल फ्लॅटचं घेऊ. बँक ४८ लाख देईल, म्हणजे १२ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च कर्जासाठीच्या किमतीत धरला जात नाही (दहा लाखांपर्यंतच्या घरांचा अपवाद सोडून). पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण ती ३० हजारांवर जात नाही. इथेच साडेसोळा लाख झाले. त्यात सोसायटीचं हस्तांतरण शुल्क (कमाल २५ हजार), दलाली, बँकेची प्रोसेसिंग फी आणि वकिलाचे पैसे मिळवा. साडेसतरा लाख धरलेत तर तोंडघशी पडणार नाही. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे, पण किमतीच तिथे वेगळ्या.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने त्या भागासाठी ठरवलेली) किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागतं. फ्लॅट स्वस्तात मिळाला म्हणून शुल्कही कमी भरावं लागेल, असं नाही.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात घर घेत असाल तर ५ टक्के जीएसटी वेगळा. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या घरांना तो १ टक्का असतो. बिल्डर करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागत असेल, तर ते रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्यात बसत नाही. त्या मागणीसाठी घाईघाईने पीएफ काढू नका.

ही यादी एका कागदावर लिहून काढा. पुढचे सगळे निर्णय या आकड्यावर ठरणार आहेत.

दुसरी पायरी: पासबुक नीट वाचा

पीएफचं पासबुक उघडल्यावर तीन रकाने दिसतात: कर्मचाऱ्याचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शन. लोक तिघांची बेरीज करतात आणि खुशीत येतात. पेन्शनचा रकाना बेरजेतून वगळा, त्यातले पैसे घरासाठी मिळत नाहीत.

हे रकाने भरतात कसे, ते समजून घ्या. बेसिक आणि महागाई भत्त्यावर तुमचे १२ टक्के आणि कंपनीचे १२ टक्के. तुमचे सगळे पीएफमध्ये जातात. कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत वळतात, पण ते १५ हजारांच्या मर्यादेवर, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. उरलेले पीएफमध्ये. बेसिक ३० हजार असेल आणि कंपनी पूर्ण बेसिकवर पीएफ कापत असेल, तर तुमचे ३,६०० आणि कंपनीचे २,३५० असे ५,९५० रुपये दर महिन्याला जमा होतात. बऱ्याच कंपन्या मात्र १५ हजारांवरच कापतात. तिथे १,८०० आणि ५५० मिळून २,३५० रुपयेच पडतात. दोन मित्रांचा हातात येणारा पगार सारखा असूनही एकाच्या पीएफमध्ये सात लाख आणि दुसऱ्याच्या तीन लाख का, याचं उत्तर बहुधा इथे सापडतं.

तिसरी पायरी: आधी कमी व्याजाचे पैसे मोडा

पीएफवर २०२४-२५ या वर्षासाठी ८.२५ टक्के व्याज मिळालं, आणि पाच वर्षांच्या सेवेनंतर ते सर्वसाधारण मर्यादेत करमुक्तच असतं. एवढ्या सुरक्षिततेसह एवढा परतावा सामान्य माणसाला दुसरीकडे मिळणं कठीण आहे. म्हणून पीएफला हात लावायची वेळ शेवटी यायला हवी.

सगळ्यात आधी मुदत ठेवी मोडा, कारण त्यांचं व्याज करपात्र असतं. मग पीपीएफ, म्हणजे बँकेत किंवा पोस्टात स्वतः उघडलेलं सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं. तिथला दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे, म्हणजे पीएफपेक्षा कमी. खातं ज्या आर्थिक वर्षात उघडलं ते वर्ष संपल्यानंतर पाच वर्षं झाली, की वर्षातून एकदा अंशतः पैसे काढता येतात. २०१८-१९ मध्ये उघडलेल्या खात्यातून १ एप्रिल २०२४ पासून. कमाल रक्कम म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या किंवा मागच्या वर्षअखेरच्या शिल्लकीपैकी जी कमी असेल तिच्या निम्मी. कारण विचारत नाहीत, पुरावा मागत नाहीत.

एनपीएसमधूनही (राष्ट्रीय पेन्शन योजना) पहिल्या घरासाठी पैसे मिळतात, पण फक्त स्वतः भरलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत आणि तीन वर्षं झाल्यावर. स्वतःच्या नावावर आधीच घर असेल (वडिलोपार्जित सोडून) तर नाही. रक्कम सहसा एवढी लहान निघते की मी ती हिशेबात धरत नाही. जुन्या पेन्शन योजनेतले सरकारी कर्मचारी जीपीएफमधून (त्यांचा वेगळा भविष्य निर्वाह निधी) घेतात, त्यांचा अर्ज कार्यालयप्रमुखांमार्फत जातो आणि त्याचे नियम वेगळे आहेत. हा लेख खासगी नोकरीतल्या पीएफधारकांसाठी आहे.

पर्सनल लोन घेऊन डाऊन पेमेंट करण्याचा मोह टाळा. व्याज जास्त, शिवाय त्याचा हप्ता तुमच्या उत्पन्नातून वजा धरून बँक गृहकर्जाची पात्रताच कमी करते. या कर्जापेक्षा पीएफ बरा, हे मी ठामपणे सांगेन.

उलट बाजूही तेवढीच ठाम आहे. "कर्ज कमी होईल" म्हणून गरजेपेक्षा जास्त पीएफ काढू नका. गृहकर्जाचा दर साधारण साडेसात ते नऊ टक्क्यांच्या दरम्यान असतो. ८.२५ टक्के करमुक्त मिळवणारे पैसे काढून आठ टक्क्यांचं कर्ज कमी करण्यात हाती काही लागत नाही, आणि म्हातारपणाची सोय मात्र जाते. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. पीएफमधल्या पैशावर कोणताही घेणेकरी जप्ती आणू शकत नाही, कायद्याचं तसं संरक्षण आहे. तेच पैसे घरात गेले की हे संरक्षण संपतं.

चौथी पायरी: नियमात किती बसतं ते बघा

१९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेतला परिच्छेद ६८-बी हा घर खरेदी आणि बांधकामाचा जुना, रुळलेला नियम. सभासदत्वाची पाच वर्षं पूर्ण हवीत. तयार घर किंवा बांधकामासाठी ३६ महिन्यांचं बेसिक आणि महागाई भत्ता, पीएफमधली दोन्ही हिश्शांची व्याजासह शिल्लक आणि घराची किंमत, या तिघांत जी सगळ्यात कमी तेवढी रक्कम. नुसत्या प्लॉटसाठी ३६ च्या जागी २४ महिने. ही उचल कर्ज नसते, ती परत करावी लागत नाही. चालू गृहकर्ज फेडण्यासाठीचा नियम वेगळा आहे आणि तिथे दहा वर्षांचं सभासदत्व लागतं. त्यामुळे "आधी कर्ज घेऊ, पीएफचं नंतर बघू" असं सात वर्षं नोकरी झालेल्याने ठरवलं, तर हा जुना नियम त्याला आडवा येतो.

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी पीएफ संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने अंशतः पैसे काढण्याच्या तेरा तरतुदी एकत्र करण्याचा निर्णय घेतला. घरासह सगळ्या कारणांसाठी किमान सेवा १२ महिने, आणि जमा रकमेच्या २५ टक्के शिल्लक खात्यात कायम ठेवायची, हा त्याचा गाभा. अर्ज भरताना पीएफचं ऑनलाइन पोर्टल तुमच्यापुरती जी पात्रता दाखवेल ती प्रमाण माना. नियोजनासाठी मी सगळ्यांना एकच सांगते: शिल्लकीच्या पाऊण भागापलीकडे आकडा धरूच नका. जुना नियम लागला तरी नवा लागला तरी तुमचं गणित कोसळणार नाही, आणि खातं रिकामंही होणार नाही.

आता वरच्या फ्लॅटचा हिशेब पूर्ण करू. नवरा-बायको दोघे नोकरी करणारे. ठेवी आणि बचत ११ लाख. त्यातले २ लाख बाजूला ठेवायचे, कारण ४८ लाखांच्या कर्जाचा आठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता चाळीस हजारांच्या घरात जातो आणि एखादा महिना पगार लांबला तर तो भरता यायला हवा. उरले ९ लाख. पीपीएफमधून अडीच. लागणार साडेसतरा, म्हणजे तूट ६ लाखांची. दोघांच्या पीएफमध्ये पेन्शन सोडून ६ लाख ८० हजार आणि ४ लाख १० हजार आहेत. दोघेही सभासद असल्याने दोघांना आपापल्या खात्यातून अर्ज करता येतो. त्याच्याकडून साडेतीन आणि तिच्याकडून अडीच काढले तर दोन्ही खाती जिवंत राहतात. सगळा भार एकाच जोडीदाराच्या पीएफवर पडू नये, हे मी मुद्दाम बघायला सांगते. बहुतेक घरांत बायकोचा पीएफ आधी संपवला जातो आणि तिच्या नावावर काहीच उरत नाही.

पाचवी पायरी: घर कोणाच्या नावावर

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. पीएफच्या पैशातलं घर सभासदाच्या, त्याच्या जोडीदाराच्या किंवा दोघांच्या संयुक्त नावावर हवं. आईवडील, भाऊ, बहीण यांच्याबरोबर संयुक्त मालकी चालत नाही. वडिलांचं नाव करारनाम्यात आधी घालायचं, ही आपल्याकडची पद्धत. प्रेमापोटी घातलेलं ते नाव पीएफच्या नियमात बसत नाही. त्यांना घरात राहायला मालकी लागत नाही, हे घरासाठी टोकन देण्याआधीच त्यांना समजावून सांगा.

गावाकडे घर बांधणाऱ्यांचीही अडचण हीच. जमिनीच्या सातबाऱ्यावर किंवा गावठाणातल्या मिळकतपत्रिकेवर वडील, काका आणि चुलतभावांची नावं एकत्र असतील, तर त्या जागेवर बांधायला पीएफ मिळत नाही. आधी वाटणी करून तुमच्या हिश्शाचा वेगळा उतारा काढावा लागतो. तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या आणि फेरफाराचा काळ धरून हे काम काही महिने आधी सुरू करा.

महाराष्ट्रात घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. आपल्या उदाहरणात ६० हजार वाचतात, आणि घर पत्नीच्या एकटीच्या नावावर असलं तरी नवऱ्याचा पीएफ चालतो. नवऱ्याचंही नाव घातलं की सवलत गेली. मात्र घराचा मालक नसलेल्या नवऱ्याला जुन्या करप्रणालीतली गृहकर्जाच्या व्याजाची वजावट मिळणार नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ठरवा.

सहावी पायरी: अर्जाच्या दोन-तीन महिने आधी खातं साफ करा

पैसे अडकतात ते सहसा नियमामुळे नाही, तर नावातल्या एका अक्षरामुळे. आधारवर वडिलांचं नाव मधे आहे आणि पीएफमध्ये नाही, पॅनवर आडनाव लग्नानंतरचं आणि बँकेत माहेरचं, जन्मतारखेत एक दिवसाचा फरक. यूएएन (पीएफ सभासदाचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर आधार, पॅन आणि बँक खातं तिन्ही जोडलेली आणि मंजूर झालेली दिसली पाहिजेत. दुरुस्ती संयुक्त घोषणापत्र या अर्जाने होते. तिला वेळ लागतो आणि काही बदलांना कंपनीची मान्यताही लागते.

दुसरी अडचण जुन्या नोकरीची. यूएएन एकच असला तरी प्रत्येक कंपनीचं खातं वेगळं असतं. आधीच्या कंपनीची शिल्लक चालू खात्यात आणली नसेल, तर अर्ज करताना फक्त चालू कंपनीतली सेवा आणि पैसे हिशेबात येतात. नऊ वर्षं नोकरी केलेला माणूस पोर्टलवर दोन वर्षांचा दिसतो. हस्तांतराचा अर्ज ऑनलाइन करा. तो अडला तर सेवा इतिहासात जुन्या कंपनीची नोकरी सोडल्याची तारीख आहे का बघा. ती नसणं हे नेहमीचं कारण असतं. शेवटच्या जमा रकमेनंतर दोन महिने उलटले असतील तर ती तारीख तुम्ही स्वतः पोर्टलवर नोंदवू शकता, कंपनीच्या मागे लागायची गरज नाही. जुन्या कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल (म्हणजे पीएफचे पैसे कंपनीच सांभाळत असेल) तर कागद ट्रस्टकडून निघावे लागतात, त्यासाठी आणखी वेळ धरा.

सातवी पायरी: व्यवहाराचा क्रम

बँक कर्जाची रक्कम देण्याआधी तुमचा वाटा भरल्याच्या पावत्या मागते. म्हणजे पीएफचे पैसे कर्जाच्या आधी हातात हवेत. क्रम असा ठेवा. प्रथम कर्जाची तत्त्वतः मंजुरी. मग घर पक्कं करून छोटी रक्कम विसार म्हणून द्या, आणि विसार पावतीत "कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत" हे वाक्य लिहून घ्या. विकणाऱ्याकडून करारनाम्यासाठी किमान ४५ दिवस मागा. मग पीएफचा अर्ज. पैसे आले की मुद्रांक शुल्क भरून दुय्यम निबंधकांकडे नोंदणी.

म्हाडा किंवा सिडकोच्या सोडतीत नंबर लागला असेल तर मुदत देकारपत्रात ठरलेली असते, तिथे तुमच्या सोयीने तारीख मिळत नाही. अशांनी सोडतीचा अर्ज भरतानाच सहावी पायरी उरकून ठेवावी.

अर्ज सोपा आहे. पोर्टलवर ऑनलाइन सर्व्हिसेसमध्ये क्लेम निवडा, बँक खाते क्रमांक पडताळा, पीएफ अॅडव्हान्स म्हणजे फॉर्म ३१ घ्या, कारण निवडा, रक्कम आणि पत्ता भरा, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाका. कागदपत्रं जोडावी लागत नाहीत, तुमची स्वयंघोषणा पुरते. जून २०२५ पासून पाच लाखांपर्यंतचे दावे संगणकीय पद्धतीने आपोआप निकाली काढण्याची सोय आहे आणि सगळं जुळत असेल तर तीन दिवसांत पैसे येतात. तरी विसार पावतीवरची मुदत या तीन दिवसांच्या भरवशावर ठरवू नका.

घर ५० लाख किंवा त्याहून महाग असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस तुम्ही कापून सरकारकडे भरायचा असतो. पहिल्या विसाराच्या पैशापासून तो लागू होतो.

पैसे आल्यावर

६८-बी नुसार पैसे मिळाल्यापासून सहा महिन्यांत खरेदी झाली पाहिजे. बांधकाम असेल तर सहा महिन्यांत सुरू आणि शेवटचा हप्ता मिळाल्यापासून बारा महिन्यांत पूर्ण. व्यवहार फिसकटला तर रक्कम खात्यात परत भरा. दुसऱ्याच कामाला वापरल्याचं आढळलं तर दंडव्याजासह वसुली होते आणि पुढची तीन वर्षं काही काढता येत नाही. "घर" हे कारण टाकून लग्न किंवा गाडी उरकणाऱ्यांना मी हे आधीच सांगते. नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा) आणि पैसे दिल्याच्या पावत्या एका फाईलमध्ये जपा.

मग भरपाई. आपल्या जोडप्याने काढलेले ६ लाख ८.२५ टक्क्यांनी वीस वर्षं तसेच राहिले असते, तर २९ लाखांच्या आसपास झाले असते. हे खड्डे दिसत नाहीत, कारण पासबुकावर ते कुठे लिहिलेले नसतात. ते भरायला व्हीपीएफ आहे, म्हणजे १२ टक्क्यांच्या वर स्वेच्छेने कापून घेतलेली पीएफची रक्कम. तिला तेच व्याज मिळतं. दोघांनी मिळून महिन्याला सुमारे ५,१०० रुपये वीस वर्षं टाकले तर ते त्याच जागी पोहोचतात. वर्षाला स्वतःचं एकूण योगदान अडीच लाखांच्या आत ठेवा, कारण त्यावरच्या रकमेचं व्याज करपात्र होतं. पहिल्या वर्षी घराचे खर्च अंगावर असताना पूर्ण रक्कम जमणार नसेल तर एक हजाराने सुरुवात करा आणि दर पगारवाढीला वाढवा. बऱ्याच कंपन्या व्हीपीएफचा फॉर्म एप्रिलमध्येच घेतात, तेव्हा तुमच्या एचआरकडे तारीख आत्ताच विचारून ठेवा. त्याच दिवशी पीएफवरचं ई-नॉमिनेशनही तपासा. लग्नाआधी आईवडिलांची नावं घातलेली असतील आणि आता घराच्या कर्जावर जोडीदाराची सही असेल, तर ते बदलायला हवं.